शीतयुद्धाचा शेवट मुलांना आधी सांगू नका

शीतयुद्ध आपण कसं शिकवतो? फळ्यावर मधोमध उभी रेघ. डावीकडे अमेरिका, भांडवलशाही, १९४९ चा नाटो. उजवीकडे सोव्हिएत संघ, साम्यवाद, १९५५ चा वॉर्सा करार. तळाशी ‘१९८९, बर्लिनची भिंत पडली’. मुलं उतरवून घेतात, पेपरात ‘फरक स्पष्ट करा’ला मार्क मिळवतात. मीही कित्येक वर्षं हेच केलं. पण धडा मरतो तो त्या तळाच्या ओळीनेच. निकाल माहीत असलेली मॅच कोण जीव मुठीत धरून बघणार?

म्हणून हल्ली मी वर्गाला थेट २७ ऑक्टोबर १९६२ मध्ये नेऊन बसवतो. क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं, आणि अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींसमोर सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हची दोन पत्रं. आदल्या संध्याकाळचं लांबलचक, जवळजवळ हळवं: युद्धाची गाठ बसलेली ही दोरी आपण दोघं ओढत राहिलो तर गाठ आवळतच जाईल, क्युबावर हल्ला न करण्याचं वचन द्या. दुसरं मॉस्को रेडिओवरून जाहीर केलेलं, कोरडं: तुर्कस्तानातली तुमची ज्युपिटर क्षेपणास्त्रंही हलवा. त्यात क्युबावर अमेरिकेचं यू-२ हे टेहळणी विमान पाडलं जातं, वैमानिक ठार.

बोला, उत्तर कुठल्या पत्राला?

पाच मिनिटांत वर्गात दोन तट पडतात. ‘विमान पाडलंय, आता पत्रं कसली वाचताय?’ म्हणणारा एकजण दरवर्षी असतोच. (केनेडींच्या खोलीतही होते.) मग मी सांगतो: जाहीर उत्तर पहिल्या पत्राला दिलं, आणि त्याच रात्री अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडींनी सोव्हिएत राजदूत डोब्रिनिनना खासगीत सांगितलं, तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रंही जातील, फक्त बोभाटा नको. ही देवाणघेवाण पुढे कित्येक वर्षं झाकून राहिली. तोवर ‘ख्रुश्चेव्ह नमला’ हेच खरं मानलं जात होतं. पुस्तकात छापलेलंही अर्धवट असू शकतं, हे मुलांना इथे न सांगता कळतं.

‘एका दिवसावर दोन तास घालवलेत तर पोर्शन कसा संपायचा?’ असं सहकारी विचारतात. नाही संपत. करारांची यादी मुलं घरी वाचतील की.

गेल्या खेपेला मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘सर, सरळ फोन का नाही केला?’ कारण थेट लाइनच नव्हती. पहिलं पत्र पोचून त्याचं भाषांतर होईपर्यंत कित्येक तास गेले होते. हॉटलाइन आली १९६३ मध्ये, आणि तीही टेलिप्रिंटरची. सिनेमात दिसतो तसा लाल फोन नव्हताच म्हटल्यावर सगळ्या वर्गाचा हिरमोड झाला.