गालावरचा निळा फुगवटा आणि वाडीच्या ग्रुपवरचा तो मेसेज

परवा रात्री साडेअकराला कुडाळहून बहिणीचा फोन आला, रडत होती. दुसऱ्या दिवशीची कोकणकन्याची तिकिटं काढलेली, भाचीला गालावरच्या निळ्या फुगवट्यात द्यायच्या तिसऱ्या इंजेक्शनसाठी मुंबईला न्यायचं होतं, आणि ही म्हणते दादा, रद्द करूया का. कारण वाडीच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज. त्यात लिहिलंय की मुलांच्या अंगावरचे लाल-निळे डाग, गाठी ग्रहण न पाळल्याने होतात, सात वर्षांत आपोआप जातात, मोठ्या हॉस्पिटलात त्यात कॅन्सरचं औषध टोचून गरिबांच्या पोरांवर प्रयोग करतात, आणि खरा उपाय म्हणजे बिब्ब्याचं तेल लावून वर तापलेल्या सुईचा चटका. खाली ‘जनहितार्थ पुढे पाठवा’. तो वाचून शेजारच्या काकींनी तिला दारातच विचारलं, "अगो, चेडवाक कॅन्सराचा औषध दितंस?"

आधी बिब्ब्याचं बोलतो, कारण बाकीच्या चुकीने वेळ जाईल, यात पोरगी भाजेल. बिब्बा परीट कपड्यावर खूण करायला वापरायचे, कितीही धुतली तरी न जाणारी. त्याच्या तेलाने धडधाकट माणसाच्या कातडीवर फोड येतात, अंग सुजतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा. आणि हे तुम्ही लहान मुलीच्या गालावर लावायला सांगताय? तेही जिथे कातडीच्या खाली पातळ भिंतीच्या शिरांचं जाळं रक्ताने भरलेलं आहे तिथे, आणि वर तापलेली सुई. रक्त येईल, जखम चिघळेल, पू होईल आणि जन्माचा व्रण राहील तो वेगळाच. बरं एवढं करून मूळ दुखण्याला काही होणार का, तर नाही. भाचीच्या एमआरआयमध्ये तो गुंता गालाच्या स्नायूत आतपर्यंत गेलेला दिसलाय, वरून कातडी जाळून तिथे काय पोचणार आहे? हा एक मुद्दा ज्याने कोणी लिहिला त्याचा मला खरंच संताप येतो.

आता ‘आपोआप जातात’. हे अर्धं खरं आहे, मान्य करतो, आणि अर्धं खरं असल्यामुळेच लोक फसतात. १९८२ साली बॉस्टनच्या मलिकन आणि ग्लोवाकी या दोघांनी अशा गाठींच्या पेशी तपासून, त्या कशा वाढतात ते बघून त्यांची सरळ दोन गटांत वाटणी केली, तोपर्यंत सगळ्यालाच हेमॅन्जिओमा म्हणून टाकायचे. एक गट खऱ्या हेमॅन्जिओमाचा, म्हणजे जन्मानंतर काही आठवड्यांत उगवतो, पहिल्या काही महिन्यांत भराभर वाढतो आणि मग काही वर्षांत हळूहळू ओसरतो. दुसरा गट मालफॉर्मेशनचा. तिथे रक्तवाहिन्या घडतानाच वेड्यावाकड्या घडलेल्या असतात, ते जन्मापासून असतं, मुलाबरोबर वाढतं आणि आपोआप कधीच जात नाही. भाचीचं हे दुसरं आहे, व्हीनस मालफॉर्मेशन, म्हणजे शिरांची चुकलेली घडण. निळसर, मऊ फुगवटा, दाबला की बसतो, सोडला की भरतो, खाली वाकली किंवा रडली की टम्म फुगतो, मध्येच रक्त साकळून दुखतो की रात्रभर झोप नाही. मेसेजवाल्याने पहिल्या गटाची गोष्ट उचलून दुसऱ्याला चिकटवली आहे. हिने सात काय सत्तर वर्षं वाट बघितली तरी ते जाणार नाही.

कॅन्सरचं औषध. हो, भाचीला टोचतात ते ब्लिओमायसिन कॅन्सरमध्ये वापरतात, डॉक्टरांनी आम्हाला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, लपवलं काहीच नाही. पण म्हणून पोरीला कॅन्सर आहे किंवा होईल असं कुठून आलं? ते औषध जपानमध्ये उमेझावा नावाच्या शास्त्रज्ञांनी मातीतल्या जिवाणूपासून काढलं, आणि १९७७ सालीच तिथे लहान मुलांच्या मानेवरच्या लिम्फने, म्हणजे अंगातल्या एका पातळ द्रवाने, भरलेल्या गाठीत टोचून बघितलं होतं, म्हणजे हे काल निघालेलं फॅड नाही. पोरीला भूल देतात, सोनोग्राफीवर बघत बघत बारीक सुई त्या जाळ्यात घालतात, आधी एक्स-रेत दिसणारा डाय सोडून त्यावर रक्त कुठे जातंय ते तपासतात आणि मगच औषध. त्याने शिरेचा आतला थर खराब होतो आणि पुढच्या काही आठवड्यांत शीर आकसते. फुप्फुसाला धोका आहे का, तर आहे, कॅन्सरच्या उपचारात एकूण डोस ४०० युनिटच्या वर गेला की ती भीती खूप वाढते. इथे मोठ्या माणसालासुद्धा एका वेळी साधारण १५ युनिटच्या वर जात नाहीत, मुलांना वजनावर त्याहून कमी, आणि आतापर्यंत किती झालं याची बेरीज फाइलवर लिहिलेली असते. दुसरा त्रास कातडीचा. इंजेक्शननंतर खाजवलं किंवा चिकटपट्टी खसकन ओढली की तिथे तपकिरी ओरखडे राहतात, म्हणून बहिणीने पोरीची नखं कापून तिला पहिले काही दिवस डोळ्याखाली ठेवलेलं. सूज तर दोन्ही वेळा आली, गाल दुप्पट झालेला. आणि हे एका इंजेक्शनात संपत नाही, मुळातून जाईल असं कोणी वचनही देत नाही. पण दोन वेळांनंतर ती आता न दुखता झोपते.

‘गरिबांवर प्रयोग’. आपल्या लोकांना विचारल्याशिवाय औषधं दिल्याचे प्रकार या देशात झालेत, ती भीती मी खोटी म्हणत नाही. पण उपचार वेगळा आणि ट्रायल, म्हणजे औषधाची माणसांवरची चाचणी, वेगळी. ट्रायल असेल तर जून २००९ पासून सीटीआरआयवर, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत, नोंद सक्तीची आहे, कोणीही उघडून बघू शकतो, एथिक्स कमिटीची परवानगी लागते, आपल्या भाषेतला कागद वाचून सही लागते, आणि २०१९ च्या नियमांप्रमाणे ट्रायलमुळे इजा झाली तर भरपाई द्यावी लागते. भाची कुठल्या ट्रायलमध्ये नाही. असती तरी मी कागद मागितला असता, मेसेज वाचून तिकीट रद्द केलं नसतं. बिब्ब्याची तपासणी कोणी, कुठे, किती मुलांवर केली ते मेसेजमध्ये आहे का?

ग्रहणावर फार लिहीत नाही. २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणाला माझी बहीण पोटुशी होती, सासूबाईंनी तिला दार लावून बसवलं होतं, विळी-सुरी सोडाच, घोटभर पाणी प्यायली नव्हती. तरी पोरगी २०२० मध्ये गालावर हे घेऊनच जन्मली. २००९ मध्ये शास्त्रज्ञांना अशा शिरांमध्ये टाय-टू नावाच्या जीनमधला बिघाड सापडला, बऱ्याच जणांत तो बाळ पोटात घडत असताना त्याच्याच काही पेशींत होतो, आईने काय कापलं आणि काय खाल्लं त्याच्याशी संबंध नाही. सहा वर्षं ती स्वतःला दोष देतेय, कृपा करून त्यात भर घालू नका.

बहीण गेली मुंबईला, इंजेक्शन झालं. पण काल देवगडहून तिच्या मैत्रिणीचा फोन आला, बाळ दोन महिन्यांचं, पापणीवर लाल डाग उगवलाय आणि आठवड्यात दुप्पट झालाय, तिच्याकडेही हाच मेसेज, म्हणून ती सात वर्षं थांबायच्या विचारात. तो बहुतेक पहिल्या गटातला असेल आणि पुढे ओसरेलही, पण तोवर पापणी डोळ्यावर झाकून राहिली तर त्या डोळ्याची नजर कायमची मंद होऊ शकते. त्यावर प्रोप्रॅनोलॉल हे तोंडाने द्यायचं औषध आहे. २००८ मध्ये फ्रान्समध्ये हृदयाच्या दुखण्यासाठी दिलेल्या या औषधाने एका बाळाची गाठ बसताना दिसली, मग ४६० बाळांवर नीट ट्रायल केली, २०१५ मध्ये आकडे छापले, सहा महिने औषध घेतलेल्या ६० टक्के बाळांची गाठ गेली किंवा जवळजवळ गेली, नुसतं खोटं औषध मिळालेल्यांत ४ टक्के. हे औषध तपासणी करून, डॉक्टरच्या नजरेखालीच सुरू करायचं असतं. तिला सांगितलंय, सोमवारची वाट बघू नको, उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरांना आणि मुलांच्या डॉक्टरांना दोघांनाही दाखव. कोणाच्या घरात तीन-चार महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि डाग वाढत असेल तर तुम्हीही उद्याच जा.