एक किलोमीटरच्या आतलं घर

माझ्या चुलत दिरांनी न्यू जर्सीत घर घेतलं तेव्हा आमच्याकडे आठवडाभर तोच विषय होता. घर बघायच्या आधी म्हणे त्यांनी शाळा बघितली! तिकडे पत्त्यावरून सरकारी शाळा ठरते, चांगल्या शाळेच्या हद्दीतली घरं महाग, आणि हद्द सरकवली की रस्त्याच्या अलीकडची मुलं एका शाळेत, पलीकडची दुसऱ्या. सासरे म्हणाले, बरं आहे बाबा, आपल्याकडे असली भानगड नाही. फी भरा आणि वाटेल त्या शाळेत घाला.

भानगड आहे, फक्त फी भरणाऱ्यांना ती दिसत नाही. मी विक्रोळीत भाडेकरार ऑनलाइन नोंदवून देते. आरटीईचे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांच्या प्रवेशाचे, फॉर्म सुटायची चाहूल लागली की मला फोन सुरू होतात, "मॅडम, लिव्ह लायसन (म्हणजे भाडेकरारच) कधीपर्यंत झालं पाहिजे?" खासगी शाळेत पंचवीस टक्के जागांवर मोफत प्रवेश हवा असेल तर अंतर मोजलं जातं. आधी एक किलोमीटरच्या आतली मुलं, जागा उरल्या तर तीनपर्यंतची. भाड्याने राहत असाल तर करार नोंदणीकृत हवा आणि अर्ज सुरू व्हायच्या आधीचा हवा. नोटरी करून आणलेला कागद चालत नाही. नोंदणीला हजार रुपये, वर स्टॅम्प ड्युटी. एवढे पैसे टाकून माणसं खोली बदलतात, ती शाळेसाठीच. मग ही हद्द नाही तर काय आहे?

आता ही हद्द ठरते कशी ते ऐका. फॉर्म भरताना नकाशावर आपल्या घरावर फुगा टेकवायचा. विक्रोळीतल्या कन्नमवार नगरात, म्हणजे म्हाडाच्या (सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या) जुन्या वसाहतीत, हे करून बघा एकदा. इमारती एकसारख्या, ओळखायच्या त्या नंबरवरून. त्यातल्या कितीतरी पाडल्या, काहींच्या जागी टॉवर उभे राहिले. लाइट बिलावर जुना इमारत क्रमांक, गेटवर टॉवरचं नवीन इंग्रजी नाव, नकाशात तिसरंच काहीतरी. आई फोनवर बोटाने फुगा ओढते, तो शेजारच्या प्लॉटवर जाऊन बसतो. लोकेशन चुकलेलं पडताळणीत सापडलं तर लॉटरीत लागलेला प्रवेशसुद्धा रद्द होतो. पोराचं वर्ष त्या फुग्यावर टांगलेलं असतं.

त्यात मध्ये रेल्वे. विक्रोळीत पूर्वेकडून पश्चिमेला जाणारा उड्डाणपूल जून 2025 मध्ये एकदाचा सुरू झाला. त्याआधी रिक्षा किंवा स्कूल बसला पलीकडे जायचं तर थेट जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने नाहीतर घाटकोपरकडून वळसा. नकाशावर शाळा अगदी हाकेच्या अंतरावर, आणि सहा वर्षांच्या पोराला घेऊन आई स्टेशनचा जिना चढते-उतरते. दहापर्यंत शाळांचे पर्याय भरता येतात, त्यात कुठली रुळांच्या या बाजूची हे आईबापांनीच ओळखायचं.

बरं, हे सगळं जमवलं तरी नियम जागेवर राहील याची खात्री नाही. 9 फेब्रुवारी 2024 ला सरकारने अधिसूचना काढली: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला पंचवीस टक्के जागा देणं बंधनकारक नाही. मुंबईत असा कोपरा शोधून दाखवा जिथे किलोमीटरभरात पालिकेची शाळा नाही! घरं जागच्या जागी होती, शाळा जागच्या जागी होत्या, आणि एका कागदाने सगळ्यांची हद्द पुसली गेली. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. पालकांनी पुन्हा अर्ज भरले. जूनमध्ये लॉटरी काढली, पण याद्या बाहेर आल्या जुलैत, 19 जुलैला न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केल्यावर. तोवर शाळा सुरू होऊन महिना उलटला होता. ज्यांनी वाट बघून कंटाळून कर्ज काढून फी भरली ती मंडळी माझ्या ओळखीत आहेत. त्यांना ते पैसे कोण देणार?

शाळांची बाजू अगदीच खोटी नाही हेही सांगते. एका मुलामागे सरकार वर्षाला 17,670 रुपये देतं, तेही वेळेवर मिळत नाहीत अशी त्यांची तक्रार जुनी आहे. पण पैसे सरकारने थकवायचे आणि त्याचा वचपा वस्तीतल्या पोरांवर काढायचा, हे मला पटत नाही.

घर विकत घेणाऱ्यांचं वेगळंच. दुर्बल घटकासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला एक लाख आहे, म्हणजे महिना आठ हजार तीनशे. तेवढ्यात विक्रोळीत खोलीचं भाडं भागत नाही, फ्लॅट कुठला घेताय! पण अनुसूचित जाती-जमातींना आणि दिव्यांग मुलांना ती अट नाही, त्यामुळे घर घेतानाही किलोमीटर मोजणारी कुटुंबं आहेत. एक जोडपं असंच आलं होतं. शाळेच्या जवळचा वन बीएचके तसल्याच दुसऱ्या फ्लॅटपेक्षा बारा लाखांनी महाग होता, आणि एजंटने "आरटीईला एकदम फिट बसतं" असं सांगून गळ्यात मारायचा घाट घातला होता. मी म्हटलं, लॉटरी आहे हो ती. जवळ राहिलात म्हणजे चिठ्ठी लागलीच असं नाही. लागलीच तरी मोफत शिक्षण आठवीपर्यंत, नववीला पूर्ण फी दारात उभी. कर्जाचे हप्ते मात्र वीस वर्षं. बारा लाखांचं व्याज धरा आणि त्यात साध्या शाळेची फी किती वर्षं भरता येते ते बघा. त्यांनी लांबचा फ्लॅट घेतला. एजंट अजून मला ओळख दाखवत नाही.

माझा खरा राग आहे तो पुनर्विकासावर. म्हणजे पुनर्विकासाला विरोध नाही, गळक्या छताखाली कोण राहील? पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये चर्चा कसली होते? कार्पेट (घराची आतली जागा) किती, कॉर्पस (बिल्डरने द्यायची ठोक रक्कम) किती, पार्किंग कोणाला. पोरं शाळेत कशी जाणार हा प्रश्न बायकांनी काढला की "ते ज्याचं त्याने बघायचं". काम चालू असताना बिल्डर देतो त्या भाड्यात विक्रोळीत जागा मिळत नाही, म्हणून माणसं दिवा, बदलापूरला जातात. तीन वर्षांत घर मिळेल म्हणून गेलेले सहा वर्षं तिकडेच. ज्याचा प्रवेश आधी झाला त्याची जागा आठवीपर्यंत शाबूत राहते, पण त्याला पहाटेच्या लोकलमध्ये घालून आणायचं कोणी? आणि धाकटी मुलगी पहिलीत जायची असेल तर तिचा फुगा बदलापुरात टेकवायचा. ज्या शाळेच्या भिंतीला लागून आजोबांनी घर घेतलं, ती शाळा नातीच्या हद्दीत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. म्हाडाची किंवा कुठलीही पुनर्विकासाची इमारत असेल, तर ताबा मिळेपर्यंत त्या कुटुंबाचा मूळ पत्ताच प्रवेशासाठी धरावा. विकास करारनाम्याची प्रत आहे, सभासदाचं नाव त्यात आहे, आणखी कसला पुरावा हवा? आणि अंतराचा नियम बदलायचाच असेल तर अर्ज सुरू व्हायच्या निदान वर्षभर आधी जाहीर करा. खोली बदलायला, करार करायला माणसाला वेळ लागतो.

ज्यांची सोसायटी आता बिल्डरशी बोलणी करतेय त्यांनी भाड्याच्या आकड्याबरोबर मुलांच्या प्रवासखर्चाचं कलमही करारात मागा. आमच्या शेजारच्या सोसायटीतल्या बायकांनी मागितलंय. बिल्डरने अजून हो म्हटलेलं नाही, पण पहिल्यांदाच तो मीटिंगला वेळेवर आला.