आनंदी बेटाचा फॉरवर्ड आणि पंधरा वर्षांची योजना

एकच मजकूर गेल्या महिन्यात मला तीन ग्रुपवर आला: शाळेच्या, सोसायटीच्या आणि सासरच्या. थोडक्यात असा: 'जगातला सर्वांत आनंदी देश म्हणजे वानुआतू. तिथे लोकांना पैसा लागत नाही. झाडाचं खायचं, समुद्रातलं पकडायचं. ना टेन्शन, ना नियोजन. हा देश २०५० पर्यंत समुद्रात बुडणार आहे. तरी तिथलं सरकार २०३० च्या योजना छापत बसलंय, कारण योजना दाखवली की परदेशी मदत मिळते. एवढ्याशा बेटांना कसलं आलंय राष्ट्रीय नियोजन!' खाली हात जोडलेले आणि 'विचार करा'.

केला विचार. गंमत अशी की पहिल्या अर्ध्या भागात ही माणसं नियोजन करत नाहीत म्हणून सुखी आहेत आणि दुसऱ्या अर्ध्यात नियोजन करतात म्हणून हास्यास्पद. लिहिणाऱ्याने आपलाच मजकूर सलग वाचलेला दिसत नाही. तरी एकेक वाक्य घेऊ या, कारण प्रत्येकात चिमूटभर खरं आहे आणि त्या चिमटीवरच हे सगळं खपतंय.

ज्यांना देश कुठे आहे हेच ठाऊक नाही (मलाही काही वर्षांपूर्वी नव्हतं) त्यांच्यासाठी: ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, फिजीच्या अलीकडे, ऐंशीहून अधिक बेटं, सुमारे ३ लाख माणसं आणि शंभराच्या वर भाषा. १९०६ पासून इथे ब्रिटिश आणि फ्रेंच यांचं एकत्र राज्य होतं, म्हणजे दोन पोलीस दलं, दोन तुरुंग, दोन प्रकारच्या शाळा. ३० जुलै १९८० ला देश स्वतंत्र झाला.

'जगातला सर्वांत आनंदी देश'

हे येतं २००६ च्या 'हॅपी प्लॅनेट इंडेक्स'मधून. लंडनच्या 'न्यू इकॉनॉमिक्स फाउंडेशन'ने १७८ देशांची यादी केली आणि वानुआतू पहिला आला. पण ती यादी कोण किती खूश आहे याची नव्हतीच. लोकांचं समाधान आणि आयुर्मान यांचा गुणाकार करून त्याला, ढोबळमानाने, त्या देशाचा पर्यावरणावर पडणारा भार भागला होता. थोडक्यात, पृथ्वीला किती ओरबाडून किती बरं जगता, याचं ते गणित. ज्याच्या घरी एसी नाही आणि दारात गाडी नाही त्याचा भागाकार आपोआप बरा येतो. पेपरांनी 'आनंदी' एवढा शब्द उचलला आणि बाकीचं सोडून दिलं.

मला जास्त रस आहे तो पुढे काय झालं यात. वानुआतूच्या लोकांनी हे बक्षीस भिंतीवर टांगून ठेवलं नाही. देशातल्या पारंपरिक प्रमुखांची परिषद, जिला 'मालवातुमाउरी' म्हणतात, आणि राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय एकत्र आले आणि आपलं बरं चाललंय हे आपण आपल्या मापाने मोजू, असं ठरवून त्यांनी घरोघरी पाहणी केली. अहवाल २०१२ मध्ये आला. प्रश्न काय होते पाहा: कुळाच्या, म्हणजे घराण्याच्या, जमिनीवर, जंगलात, समुद्रात जायला-यायला मोकळीक आहे का? चटई विणता येते का, पारंपरिक पद्धतीचं घर बांधता येतं का? घरात डुकरं किती, कंद किती, समारंभात देवाणघेवाण होते का? आपली भाषा मुलं बोलतात का? शेजाऱ्यावर भरवसा आहे का? ज्यांची कुळाची जमीन टिकून आहे आणि जे गावच्या कार्यात उतरतात ते सरासरीने जास्त समाधानी आहेत, असं त्यातून निघालं. आनंद हा तिथल्या हवेचा गुण नव्हे. त्याला कारणं आहेत, ती मोजता येतात, आणि मोजता येतात म्हणजे कमीही होऊ शकतात. योजना लागते ती इथे.

'पैसा लागत नाही, नियोजन नाही'

तिथली जवळपास तीन चतुर्थांश वस्ती खेड्यांत आहे आणि बहुतेकांचं पोट स्वतःच्या मळ्यावर चालतं, हे खरंच. कोनफळाच्या जातीचे कंद, अळकुड्या, केळी. यातलं काहीतरी किसायचं, रुंद पानांवर पसरायचं, नारळाचं दूध ओतायचं, पुडा बांधायचा आणि तापलेल्या दगडांखाली गाडून शिजवायचा: त्यांचा 'लापलाप'. त्याला पैसा लागत नाही. शाळेच्या खर्चाला लागतो, बोटीच्या भाड्याला लागतो, वादळात उडालेल्या पत्र्याला लागतो. म्हणून तर २००७ पासून न्यूझीलंडच्या फळबागांत हंगामी मजुरीला जाणाऱ्या पॅसिफिक मजुरांत वानुआतूचे लोक सर्वांत पुढे राहिले. घरी पैसे येतात, घर पक्कं होतं, आणि मळ्यात खणायला हात कमी पडतात. कोकणात ज्यांच्या घरी मुंबईची मनीऑर्डर येत असे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि 'नियोजन नाही'? वानुआतूच्या झेंड्यावर डुकराचा सुळा आहे, पूर्ण वळलेला. तो तसा आपोआप होत नाही. डुकराचे वरचे सुळे काढून टाकतात, म्हणजे खालच्यांना अडथळा राहत नाही. मग ते वाढत, वळत गोल होतात. त्याला वर्षानुवर्षं लागतात. तेवढा काळ ते जनावर सांभाळायचं, त्याचं खाणं बघायचं, कुठे झुंजून सुळा मोडणार नाही हे बघायचं, आणि हे सगळं कुठल्यातरी पुढच्या कार्यासाठी. खडकाळ किनाऱ्यावर नामेले नावाच्या झाडाचं पान रोवलं की तिथली मासेमारी बंद. शिंपले-मासे पुन्हा भरले की प्रमुखाच्या शब्दाने उघडायची. हेही नियोजनच. फक्त त्याला नियोजन आयोग नाही आणि पीपीटी नाही.

जमिनीचं तर थेट राज्यघटनेत लिहिलंय: देशातली सगळी जमीन तिच्या मूळ परंपरागत मालकांची आणि त्यांच्या वंशजांची. विकता येत नाही, भाड्याने देता येते, तीही ७५ वर्षांपर्यंत. तरी राजधानीच्या एफाते बेटावर किनारपट्टीचा मोठा भाग भाडेपट्ट्यांनी बाहेरच्यांच्या हातात गेला, कारण सही एकाची आणि जमीन सगळ्या कुळाची. राल्फ रेगेनवानू जमीनमंत्री असताना, २०१४ पासून, कायदे बदलले: आता भाडेपट्ट्याआधी मालक कोण हे गावाच्या बैठकीत ठरावं लागतं. यालाच आनंदाचं धोरण म्हणायचं. त्याचे फोटो फॉरवर्ड होत नाहीत.

'२०५० पर्यंत बुडणार'

हे साफ चूक. वानुआतू ज्वालामुखीतून वर आलेला डोंगराळ देश आहे. सांतो बेटावरचा ताब्वेमासाना १,८७९ मीटर उंच आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही उंच, तो काय बुडतोय! फॉरवर्डवाल्याने वानुआतूची गल्लत तुवालू आणि किरिबाती या प्रवाळबेटांशी केली आहे. तिथे जमीन समुद्रापासून जेमतेम दोन-तीन मीटर वर असते. पण तिथलंही चित्र 'पाणी चढलं, बेट गेलं' इतकं सोपं नाही. तुवालूची १०१ बेटं उपग्रह आणि हवाई छायाचित्रांवरून तपासली तेव्हा १९७१ ते २०१४ मध्ये एकूण क्षेत्रफळ २.९ टक्क्यांनी वाढलेलं निघालं, कारण लाटा प्रवाळाचा चुरा आणून टाकतात. यावरून 'मग काही धोका नाही' म्हणणाऱ्यांनीही उड्या मारू नयेत. गोड्या पाण्यात खार शिरला की बेट नकाशावर असून उपयोग काय?

वानुआतूतच एक गोष्ट घडली, ती मला फार शिकवून गेली. उत्तरेच्या तेगुआ बेटावरचं एक छोटं गाव वीसेक वर्षांपूर्वी आतल्या उंचीवर हलवलं, आणि जगभर बातमी झाली: 'हवामानबदलाचे पहिले निर्वासित'. पुढे शास्त्रज्ञांनी मोजलं तेव्हा दिसलं की १९९७ ते २००९ मध्ये तिथली जमीनच सुमारे ११७ मिलिमीटर खचली होती, भूगर्भातल्या हालचालींमुळे. समुद्र वर येत होता आणि बेट खाली जात होतं. दोन्ही मिळून पाणी दुप्पट वेगाने चढल्यासारखं वाटत होतं. आता गाव हलवताना नुसत्या समुद्राचा हिशेब करून भागेल का? ज्याला पंधरा वर्षांचा आराखडा करायचाय त्याला हे मोजावंच लागतं. ज्याला हात जोडायचेत त्याला नाही.

'योजना छापत बसलंय'

वानुआतूची योजना म्हणजे 'वानुआतू २०३०: द पीपल्स प्लॅन', २०१६ ते २०३० ची. समाज, पर्यावरण आणि अर्थव्यवस्था असे तीन खांब, एकूण १५ उद्दिष्टं आणि या सगळ्याच्या पायाशी संस्कृती. ती लिहिली जात असतानाच मार्च २०१५ मध्ये 'पॅम' चक्रीवादळ आलं. नुकसान देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे ६४ टक्के. आकडा दोनदा वाचा. मृत्यू मात्र वीसच्या आत राहिले. इशारे वेळेवर पोहोचले आणि लोकांना आडोसा कुठे घ्यायचा हे ठाऊक होतं. २०१७ मध्ये आम्बाए बेटाचा ज्वालामुखी जागा झाला, तेव्हा अख्खं बेट, सुमारे ११ हजार माणसं, दुसऱ्या बेटांवर हलवली. २०२० मध्ये 'हॅरल्ड' वादळ, २०२३ मध्ये काही दिवसांच्या अंतराने दोन वादळं, १७ डिसेंबर २०२४ ला राजधानी पोर्ट व्हिलाजवळ ७.३ तीव्रतेचा भूकंप. असल्या ठिकाणी योजना करणं वेडेपणाचं, की न करणं?

राजकारणही वादळापेक्षा कमी नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये लाचखोरीत खासदार दोषी ठरले. राष्ट्राध्यक्ष परदेशी होते, म्हणून सभापती हंगामी राष्ट्राध्यक्ष झालेले. ते स्वतःच दोषींत होते. त्यांनी काय केलं? स्वतःलाच माफी देऊन टाकली, सोबत इतरांनाही! राष्ट्राध्यक्ष बाल्डविन लॉन्सडेल परतले, माफी रद्द केली, आणि १४ खासदार तुरुंगात गेले. सरकारं अविश्वास ठरावांनी इतकी पडतात की मे २०२४ मध्ये पक्षबदलूंना वेसण घालायला सार्वमत घ्यावं लागलं. (ते मंजूर झालं. आपल्याकडे कुणी घेतलं तर काय होईल, हा वेगळा विषय.) मंत्री सहा-आठ महिन्यांत बदलत असतील तर खात्यांनी कशाला धरून चालायचं? पंधरा वर्षांचा कागद तिथे चैन म्हणून नाही.

काय साधलं? जुलै २०१८ पासून प्लॅस्टिक पिशव्या, स्ट्रॉ आणि थर्मोकोलचे डबे बंद. डिसेंबर २०२० मध्ये देश संयुक्त राष्ट्रांच्या 'अल्पविकसित' यादीतून बाहेर पडला. आधी २०१७ ठरलं होतं, 'पॅम'मुळे तीन वर्षं लांबलं.

'मदत मिळते म्हणून'

मदत मिळते, भरपूर मिळते, नाकारत नाही. पण पॅमसारखं एक वादळ आपल्या देशाच्या उत्पन्नाच्या ६४ टक्के घेऊन गेलं तर आपण काय करू? शिवाय पृथ्वी तापवायला वानुआतूचा हातभार किती? हाच प्रश्न २०१९ मध्ये पोर्ट व्हिलाच्या विद्यापीठ आवारातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी विचारला. सरकारने तो उचलला, २९ मार्च २०२३ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला, आणि २३ जुलै २०२५ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने एकमताने मत दिलं की हवामान राखणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडणं आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग ठरू शकतो. सुनावणीत भारतानेही बाजू मांडली होती, आहेत त्या करारांपलीकडे नवी बंधनं घालू नका, अशी. आपल्या बाजूचंही म्हणणं आहे, पण ३ लाख लोकांचा देश जगाला कोर्टात उभं करतो तेव्हा त्याला मदतखाऊ म्हणताना जीभ जरा अडखळायला हवी.

'एवढ्याशा बेटांना'

किरिबातीत १९५६ मध्ये फॉस्फेटच्या उत्पन्नातून एक निधी बाजूला काढला. (वसाहतीचं राज्य होतं, आणि ज्या बानाबा बेटाचं फॉस्फेट होतं तिथले बहुतेक लोक फिजीत हलवले गेले होते, हे विसरून कौतुक करू नये.) फॉस्फेट १९७९ मध्ये संपलं, निधी आजही आहे. शेजारच्या नाउरूनेही फॉस्फेट विकलं, पैसा उधळला. दोन्ही बेटं, दोन्ही छोटी. मॉरिशसच्या भवितव्याबद्दल तर पुढे नोबेल मिळवलेले अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ मध्ये निराशेचाच सूर लावला होता. उसाच्या मळ्यांत गेलेल्या आपल्या मराठी माणसांची पणतवंडं आज तिथे गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी घेतात, आणि देश वरच्या-मध्यम उत्पन्न गटात आहे.

टीका करायचीच असेल तर ही करा. वानुआतूने परदेशी लोकांना पासपोर्ट विकून सरकारी तिजोरी भरली, आणि त्यापायी युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ मध्ये त्यांची व्हिसामुक्त सवलत कायमची काढून घेतली. २०३० पर्यंत सगळी वीज अक्षय स्रोतांतून आणण्याचा वायदा आहे आणि डिझेल अजून जळतंय. संसदेत ५२ जागा. त्यात अनेक वर्षं एकही बाई नव्हती, २०२२ मध्ये ग्लोरिया ज्युलिया किंग निवडून येईपर्यंत. योजनेत समाजाच्या खांबाखाली सर्वांना सामावून घ्यायचं उद्दिष्ट आहे, म्हणून हा हिशेब त्यांना मागता येतो. फॉरवर्डच्या 'आनंदी' देशाला तो कुणी मागितला असता?