आमच्या आज्यानं कुठं प्रशिक्षण घेतलं होतं?

दादा, नमस्कार. वासरांच्या संगोपनावरचा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, ‘प्रशिक्षण, मानकं हे मोठ्या डेअरीवाल्यांचे चोचले. आमच्या आज्यानं न शिकता गोठा भरला. सिन्नरकडच्या चार गायींवाल्यानं मोजमापाची यंत्रं कुठून आणायची?’ राग समजतो. हॉलमध्ये पडद्यावर वासरू दाखवून सर्टिफिकेट वाटणारे वर्ग मीही पाहिलेत, त्यांना लांबूनच रामराम.

पण आज्याची गाय कोणती होती? इगतपुरी-त्र्यंबककडची डांगी, नाहीतर गावठी. वासरू धडपडत उठायचं आणि सडाला लागायचं. चीक (व्याल्यावरचं पहिलं घट्ट दूध) कधी, किती, हे ते आणि गाय बघून घ्यायचे. आता दावणीला एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन या विदेशी जातीची) संकर गाय आहे. वासरू जन्मल्या जन्मल्या बाजूला बांधतो, चीक बादलीत काढतो. गायीचं काम आपण अंगावर घेतलंय, मग ते शिकायला नको?

गायीच्या वारेतून (गर्भाभोवतीच्या जारातून) गर्भाला प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारे घटक, मिळत नाहीत. जी मिळायची ती चिकातूनच, आणि ती शोषून घ्यायची आतड्याची ताकद तासागणिक घटते, 24 तासांत जवळपास संपते. म्हणून 30 किलोच्या वासराला पहिल्या दिवशी निदान 3 लिटर चीक, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. आपल्याकडे मात्र ‘वार पडल्याशिवाय चीक काढू नये’ हे अजून ऐकू येतं. वार पडायला 12 तासही लागतात! वर पहिल्या धारेचा खरवस शेजारीपाजारी जातो. खरवस मलाही आवडतो, पण वासराचं पोट भरल्यावर उरलेल्या चिकाचा.

आता यंत्राचं. निफाड-दिंडोरीत द्राक्षाची गोडी बघायला जो ब्रिक्स मीटर वापरतात, तोच चिकाला चालतो. काचेवर दोन थेंब टाका. 22 किंवा वर आकडा आला तर चीक उत्तम. कमी आला तर दुसऱ्या निरोगी गायीचा साठवलेला चांगला चीक पाजा. तुमच्या भावकीत एखादा बागायतदार असेलच, मागून आणा आणि नीट धुऊन परत करा.

बाकी नाळेला आयोडीन, दुसऱ्या आठवड्यापासून थोडा खुराक, पारडू असेल तर दहाव्या दिवसाच्या सुमारास जंताचं औषध. हे तुम्ही करतच असाल. एका बाबतीत मात्र घरगुती हुशारी नको. कालवड 4 ते 8 महिन्यांची असताना ब्रुसेलाची (गाय गाभडवणाऱ्या रोगाची) लस एकदाच द्यायची असते. ती जिवंत जंतूंची आहे, सुई चुकून हाताला लागली तर माणसालाही आजार होऊ शकतो. तिथं डॉक्टरांनाच बोलवा.