लॉटरीत 'सिस्टीम' चालते का? चालते, पण आपल्याकडे नाही

सध्या यूट्यूब आणि टेलिग्रामवर 'लॉटरी जिंकण्याचं गणित' सांगणाऱ्यांचं पीक आलंय. कुणी ४९९ रुपयांत पीडीएफ विकतंय, कुणी एआयच्या नावानं सॉफ्टवेअर. खाली लोक अगदी मनापासून विचारतात, "सर, महाराष्ट्र राज्य लॉटरीला चालेल का?" आणि सर उत्तरादाखल लाल बदामाचा इमोजी पाठवतात. संख्याशास्त्र शिकवून पोट भरणाऱ्या माणसाचे हात हे वाचून शिवशिवणारच. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

कोणता आकडा येणार हे ओळखण्याची पद्धत नाही. नव्हती, नसेल. पण 'लॉटरीला आजवर कुणीच हरवलेलं नाही' असं आमचे काही शहाणे मित्र ठोकून देतात, तेही खरं नाही. हरवलंय, आणि चांगलं दणकून हरवलंय. फक्त ज्यांनी हरवलं त्यांनी आकड्यांकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. त्यांनी नियमांचा कागद वाचला होता.

पहिला मान व्हॉल्तेअरचा. हो, तोच फ्रेंच विचारवंत. १७२९ च्या सुमारास फ्रेंच सरकारनं आपल्या भाव पडलेल्या कर्जरोख्यांसाठी लॉटरी काढली. रोखा जेवढ्याचा, त्याच्या हजाराव्या भागात तिकीट. म्हणजे लहान रोखा असेल तर तिकीट जवळजवळ फुकट, पण मोठं बक्षीस लागण्याची संधी मोठ्या रोखेवाल्याइतकीच! ला कोंदामीन नावाच्या गणितज्ञाच्या हे लक्षात आलं. त्यानं आणि व्हॉल्तेअरनं मंडळ जमवलं, लहान लहान रोखे गोळा केले आणि महिनोन् महिने बक्षिसं उचलली. सरकार कोर्टात गेलं आणि हरलं. नियम सरकारनंच लिहिला होता, दाद कुणाकडे मागणार?

दुसरा स्टेफान मँडेल, मूळचा रुमानियाचा. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याचं बक्षीस साचत साचत २ कोटी ७० लाख डॉलरपर्यंत गेलं होतं. १ ते ४४ मधले सहा आकडे निवडायचे, तिकीट एक डॉलरचं. एकूण जोडण्या ७०,५९,०५२. म्हणजे सगळीच्या सगळी तिकिटं घेतली तरी सत्तर लाखांत काम. त्याच्या माणसांनी दुकानादुकानांत गठ्ठे टाकले, वेळ संपेपर्यंत जेमतेम पन्नास लाख तिकिटं निघाली आणि नशिबानं लागलेलं तिकीट त्यांतच होतं. यात हुशारी किती आणि छातीठोकपणा किती हे तुम्हीच ठरवा. वीस लाख जोडण्या हातात नसताना मला तरी झोप लागली नसती.

पण माझा खरा लाडका माणूस जेराल्ड सेल्बी. मिशिगन राज्यातल्या एव्हर्ट या छोट्याशा गावात दुकान चालवून निवृत्त झालेला. २००३ मध्ये त्यानं 'विनफॉल' या नव्या लॉटरीचं माहितीपत्रक वाचलं. त्यात एक कलम होतं: मोठं बक्षीस ५० लाख डॉलरच्या वर गेलं आणि कुणालाच लागलं नाही, तर ती रक्कम खालच्या बक्षिसांत वाटली जाईल. सेल्बीनं तिथल्या तिथे हिशेब मांडला. अशा आठवड्यात ११०० डॉलरची तिकिटं घेतली, तर चार आकडे जुळणारं साधारण एक तिकीट निघेल, त्याचे हजार डॉलर. तीन आकडे जुळणारी अठरा-एकोणीस निघतील, प्रत्येकी पन्नास डॉलर. बेरीज जवळपास १९००. घातले ११००, आले १९००. बस्स, एवढंच. यातलं गणित आमच्या बारावीच्या पोरांना येतं.

पुढची मेहनत मात्र बघा. मिशिगननं खेळ बंद केला तेव्हा हा आणि त्याची बायको मार्ज शेकडो मैल गाडी हाकत मॅसॅच्युसेट्सला जाऊ लागले. तिथे तसाच खेळ होता. दुकानातल्या मशीनसमोर तासन् तास उभं राहून तिकिटं छापून घ्यायची, मग लॉजवर बसून एकेक तपासायचं. आणि आकडे कोणते? ते त्यांनी मशीनलाच निवडू दिले! लकी नंबर नाही, चार्ट नाही, काही नाही. एमआयटीच्या विद्यार्थ्यांचा एक गटही त्याच खेळात होता. २०१२ मध्ये तो खेळ बंद झाला, तोवर सेल्बी मंडळींनी सत्तर लाख डॉलरहून जास्त नफा काढला होता.

आणखी एक तपशील मला फार आवडतो. न लागलेली लाखो तिकिटं त्यांनी डब्यांत भरून घरामागच्या शेडमध्ये जपून ठेवली होती. आयकरवाले आले तर दाखवायला. कारण अमेरिकेत जुगारातला तोटा जुगारातल्या कमाईतून वजा करता येतो.

आता या आपल्याकडे. आपल्या आयकर कायद्यात लॉटरीच्या बक्षिसावर सरसकट ३० टक्के कर, वर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२ टक्के. किमान मर्यादेची सूट नाही आणि खर्चाची वजावटही नाही. तिकिटाचे पैसेसुद्धा वजा होत नाहीत. समजा तुम्ही मँडेलचे काका आहात. कुठल्या तरी सोडतीची सगळी तिकिटं ९० लाखांत घेतली आणि मिळून १ कोटीची बक्षिसं लागली. खेळ जिंकलात, टाळ्या! आता उत्पन्न ५० लाखांच्या वर गेलं म्हणून १० टक्के अधिभार धरून कर ३४ लाख ३२ हजार. हातात ६५ लाख ६८ हजार. गेले ९० लाख. सगळी तिकिटं घेऊनही २४ लाख ३२ हजारांची खोट. सेल्बीचे ११०० चे १९०० धरा, कर कापून हातात तेराशेच्या आसपास उरतील, पण इतकी उदार लॉटरी भारतात मी तरी पाहिलेली नाही. शिवाय तिकिटावरचा जीएसटी वेगळाच.

आणि आपली कागदी लॉटरी मुळात वेगळ्या जातीची आहे. महाराष्ट्र राज्य लॉटरी १२ एप्रिल १९६९ ला सुरू झाली, बेकायदा जुगाराला आळा बसावा म्हणून. तिच्या तिकिटावर मालिका आणि क्रमांक छापून येतो. तुम्ही आकडे निवडत नाही, छापलेल्यांतलं तिकीट उचलता. आता तो पीडीएफवाला काय सांगतो? 'वाढदिवसाच्या तारखा टाळा, ३१ च्या वरचे आकडे घ्या.' परदेशी लोट्टोत या सल्ल्याला अर्थ आहे. तिथे आकडे आपण निवडतो, बरेच जण वाढदिवसाच्या तारखा लावतात, आणि एकच जोडणी अनेकांनी घेतली तर बक्षीस वाटलं जातं. १ डिसेंबर २०२० ला दक्षिण आफ्रिकेत ५, ६, ७, ८, ९ आणि पॉवरबॉल (वेगळा काढला जाणारा सहावा आकडा) १० असे ओळीनं आकडे आले, तर वीस जणांत वाटणी झाली. वेगळे आकडे घेतल्यानं लागण्याची शक्यता वाढत नाही, वाटेकरी कमी होतात इतकंच. आपल्या तिकिटाला वाटेकरीच नाही, एका क्रमांकाचा एक धनी. म्हणजे अमेरिकेतल्या व्हिडिओचं शब्दशः भाषांतर करून हा माणूस आपल्या राज्य लॉटरीच्या सोडतीसाठी विकतोय!

स्टॉलवर कधी उभे राहा. दोरीला चिमट्यानं लावलेली तिकिटं, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "शेवटी सात असलेलं द्या." विक्रेता निमूटपणे देतो, त्याला वाद परवडत नाही. काही जण शेवटचे चार आकडे सारखेच असलेली वेगवेगळ्या मालिकांतली तिकिटं घेतात. लागलं तर सगळ्यांवर लागेल, हा हिशेब. काही जण मुद्दाम दहा वेगळी घेतात, काहीतरी लागेल म्हणून. दोघांची सरासरी परतफेड एकच असते. पहिल्याचे बरेच महिने कोरडे जातात आणि एखाद्या वेळी पाऊस पडतो, दुसऱ्यावर अधूनमधून शिंतोडे. एक बारीकशी गोष्ट मात्र खरी: काही बंपर सोडतींत पहिलं बक्षीस विकल्या गेलेल्या तिकिटांतूनच काढण्याची हमी असते. तिथे तिकिटं कमी खपली तर तुमची संधी वाढते. पण किती खपली हे सोडतीआधी आपल्याला सांगतंय कोण?

आमच्या इचलकरंजीत यंत्रमागावर काम करणारे एक आप्पा होते. लॉटरी नाही, मटका. त्यांची दोनशे पानी वही होती, लाल-निळ्या शाईत ओपन, क्लोज, जोडी, तारीखवार. इतकं स्वच्छ काम मी एमएस्सीच्या प्रबंधातही पाहिलेलं नाही. "मास्तर, चौका लई दिस झाला नाही, आता येतोय बघा." चौक्याला काय ठाऊक तो किती दिवस आला नाही ते? २००९ च्या सप्टेंबरमध्ये बल्गेरियाच्या लॉटरीत लागोपाठच्या दोन सोडतींत तेच सहा आकडे आले. चौकशी झाली, घोटाळा सापडला नाही. आणि मटक्यात तर भावच सगळं सांगतो: दहांतला एक आकडा, लागला तर नऊपट. दर रुपयामागे दहा पैसे भाव ठरवतानाच गेलेले असतात, मग वही कितीही सुबक ठेवा. आप्पांना हे मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ते बरोबर, पण चार्टबी बघायला पायजेल की." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

'फिक्स आकडा' देणाऱ्या टेलिग्रामवाल्याची सिस्टीम तेवढी खरोखर चालते. समजा हजार माणसं आहेत. शंभर-शंभरचे दहा गट करा, प्रत्येक गटाला वेगळा आकडा पाठवा. एक गट बरोबर येणारच. उरलेल्या नऊशेंना विसरा. त्या शंभरांचे पुन्हा दहा गट. आता दहा जण असे आहेत ज्यांना लागोपाठ दोन आकडे बरोबर मिळालेत. तिसऱ्यांदा एक उरतो. त्या एकाच्या डोळ्यांदेखत सर तीनदा बरोबर आलेत, तो बायकोचे दागिने गहाण ठेवून सरांची फी भरेल आणि सरांच्या नावानं शपथाही घेईल.

"मग सर, तुम्ही तिकीट घेता का?" हा प्रश्न येणारच. दिवाळी बंपरचं घेतो, स्टाफरूममध्ये पाच जण मिळून. पाच तिकिटं, पाच वाटे. शक्यता पाचपट, वाटा पाचवा, म्हणजे गणितानं काही साधत नाही, पण आठवडाभर गप्पांना विषय मिळतो. तुम्हीही असं भागीत घेत असाल तर एक करा. तिकिटं घेतली त्याच दिवशी दोन्ही बाजूंचे फोटो ग्रुपवर टाका, कुणाचे किती पैसे आले ते लिहा आणि तिकीट कुणाकडे राहणार ते सगळ्यांसमोर ठरवा. बक्षिसाचा दावा एकाच्या नावानं होतो आणि करही त्याच्याच पॅनवर कापला जातो. आमच्याकडे तिकिटं ग्रंथपाल मॅडमकडे असतात, कारण त्यांच्याकडून आजवर एक पुस्तकही हरवलेलं नाही.