बिल एकदा उलगडून बघा

‘न्यू जर्सीचे मतदार चिडले होते टॅक्सवर, शाळांवर नाही’ हे निवडणुकीवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य इथे घर असलेल्या कुणालाही पटणार नाही. प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात शाळेची ओळ वेगळी असते आणि साधारण निम्मा पैसा तिथेच जातो! टॅक्स आणि शाळा वेगळे काढणार कसे?

कुठल्या गावाच्या शाळांना राज्याने किती पैसे द्यायचे, हे ठरवणाऱ्या २००८च्या सूत्रात गावाची ऐपत घरांच्या किमती आणि उत्पन्न यांवरून ठरते. किमती चढल्या की पगार होते तिथेच असले तरी राज्याची मदत घटू शकते. वर ती तूट भरायला गावाने टॅक्स वाढवावा, तर वाढीला वर्षाला २ टक्क्यांची मर्यादा. आमच्याकडे मग शाळेच्या ग्रंथपाल बाईंची नोकरीच गेली. २०२५च्या प्रचारात गव्हर्नरपदाचे रिपब्लिकन उमेदवार जॅक चिटरेली हे सूत्र बदला म्हणत होते. (मत मी त्यांना दिलं नाही, तो भाग वेगळा.) लेखात त्याचा उल्लेखही नाही.