ग्रंथालयात पुस्तके अकारविल्हे लावलेली नसतात

‘विषय कोणताही असो, ग्रंथालयातली सारी पुस्तके अकारविल्हे लावलेली असतात, नाव ठाऊक असले की ग्रंथपालाला विचारायचे कारण नाही, आणि संगणक आल्यावर वर्गांकांचे, म्हणजे विषयवार दिलेल्या अंकांचे, अवडंबर कशाला?’ अशा आशयाचा मजकूर हल्ली बऱ्याच जणांकडून पुढे धाडला जातो. त्यातले एकही विधान टिकणारे नाही.

पहिले विधान कपाटापाशी जाताच निकालात निघते. आद्याक्षरानुसार मांडणी केली, तर मधमाशीपालनाचे पुस्तक मधुमेहावरील पुस्तकाला खेटून बसेल आणि ऊस, द्राक्ष, कांदा यांवरची पुस्तके तीन कपाटांत विखुरतील. अमेरिकन ग्रंथपाल मेल्व्हिल ड्यूई यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेली आणि आपल्याकडेही रुळलेली दशांश पद्धत शेतीला ६३० हा वर्गांक देते. त्याच्या पोटात ऊस ६३३.६१, द्राक्ष ६३४.८, कांदा ६३५.२५ आणि मधमाशीपालन ६३८.१ अशी ओळ लागते, तर मधुमेह ६१६.४६२ म्हणून वैद्यकाकडे जातो. द्राक्षासाठी आलेल्या बागायतदाराला कांद्याचे पुस्तक हाताशी मिळते ते यामुळेच. छोट्या वाचनालयांत पुष्कळदा नुसत्या दाखल क्रमांकाने, म्हणजे पुस्तके ज्या क्रमाने आली त्या क्रमाने, ती लावतात. ती सोय वाचकापेक्षा कपाट मोजणाऱ्याची अधिक, पण अकारविल्हे तीही नव्हे.

गैरसमजाचे मूळ मात्र समजण्याजोगे आहे. ग्रंथालयातली तालिका, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींची यादी, सहसा अकारविल्हे असते, खुद्द ड्यूईंच्या पद्धतीला जोडलेली निर्देशसूचीही तशीच असते, आणि एकाच वर्गांकातली पुस्तके बहुधा लेखकाच्या आडनावाच्या अक्षरांनी लावली जातात. मराठी कादंबऱ्या ८९१.४६३ या एकाच अंकाखाली येत असल्याने तिथे आडनावांचीच रांग दिसते, आणि केवळ कादंबऱ्या नेणाऱ्या वाचकाला सारे ग्रंथालय तसेच वाटू लागते.

नाव ठाऊक असले की पुरे, हे दुसरे विधान. पण नाव कोणते? कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर ही एकच व्यक्ती आहे, हे वर्णक्रम सांगत नाही. ते तालिकेतली ‘पाहा’ ही नोंद सांगते, आणि ती नोंद ग्रंथपालाने केलेली असते. शिवाय शाळेत ‘ज्ञ’ अगदी शेवटी शिकलेला माणूस ‘ज्ञान’ ओळीच्या टोकाला शोधणार, तर कोशांत तो शब्द सहसा ‘ज’ मध्ये सापडतो.

राहिला संगणक. पुस्तक ग्रंथालयात आहे, एवढे तो क्षणात सांगतो; पण ते हजारोंच्या गर्दीतून काढायचे तर पाठीवरच्या चिठ्ठीवरचा अंकच लागतो. त्यातही नावात ‘ऊस’ हा शब्दच नसलेले, पण उसावरचेच पुस्तक नुसत्या नावाच्या शोधातून निसटते. ६३३.६१ हा अंक टाकला, की ते हाती लागते; अर्थात कोणीतरी ते आधी चाळून त्याला तो अंक दिलेला असला, तरच.